आरसा पाहिलाय कुणी?

बुधवारी सकाळची ओपीडी चालू होती. समोर एक क्रेन ऑपरेटर खोकत बसला होता आणि मी त्याच्या पाठीला स्टेथोस्कोप लावला होता. तेवढ्यात टेबलावरचा फोन थरथरला. नाशिकहून नीलाताई. माझ्या ओपीडीच्या वेळेत त्या कधीच फोन करत नसत, म्हणून उचलला. "मेधा, हे गेले गं. पहाटे. झोपेतच..." आणि मी, इतकी वर्षं डॉक्टरकी केलेली बाई, काय बोलले असेन? मी म्हटलं, "नक्की? कोणी तपासलं?" शब्द तोंडातून निसटले आणि माझ्याच कानांवर आपटले. मग रडतारडताच नीलाताई म्हणाल्या, "अगदी त्यांच्यासारखं विचारलंस बघ."

खरंच होतं ते. सदानंद खांबेट्यांच्या समोरच्या फ्लॅटमध्ये वीसेक वर्षं काढली की माणूस असाच होतो. आम्ही सगळे त्यांना सदाभाऊ म्हणायचो. मूळचे नाशिकचे, इथे सौदीत जुबैलमध्ये एका पेट्रोकेमिकल कारखान्यात इन्स्पेक्शन इंजिनिअर. लोखंडावर विश्वास ठेवायचा नाही, हे त्यांचं काम. टाकी बाहेरून चकाचक असली तर आत काय चाललंय, वेल्डिंगचा जोड वरून गुळगुळीत दिसला तर आत पोकळी आहे का, हे शोधायचं आणि सापडेपर्यंत सही करायची नाही. हे काम त्यांनी कारखान्याच्या गेटपाशी कधी सोडलंच नाही. मासळीबाजारात हमूरचे कल्ले उघडून बघताना ते बांगलादेशी विक्रेत्याकडे असं रोखून पाहायचे की तो बिचारा आपणहून दुसरा मासा काढून द्यायचा. दुधाच्या बाटलीवरची तारीख, लिफ्टमधला तपासणीचा कागद, विमानात सीटखालचं लाइफ जॅकेट... सगळं पाहून घ्यायचे. नीलाताई सांगायच्या, "मला बघायला आले तेव्हा ह्यांनी पत्रिका विचारली नाही. वडिलांना म्हणाले, गच्चीवर ओल दिसतेय, वॉटरप्रूफिंग कोणी केलं?"

नीलाताई अगदी उलट. भाजीवाल्याने कोथिंबीर ताजी म्हटली की ताजी. त्यांचे देव स्वयंपाकघरातल्या एका कपाटात होते. इथे देवघर हे असंच असतं, प्लायवूडच्या दाराआड, वरच्या फळीवर डाळी आणि खालच्या फळीवर बाळकृष्ण. रोज सकाळी दार उघडायचं, दिवा, उदबत्ती, नमस्कार, दार बंद. सदाभाऊ तिकडे फिरकत नसत, पण विरोधही नव्हता. "मी नाही म्हणत नाही," ते म्हणायचे. "पुरावा आला की बघू."

ओकुदा-सान आमच्यात आले ते दुरुस्तीसाठी कारखाना बंद ठेवला होता त्या एका शटडाऊनच्या वेळी. कारखान्यातलं एक मोठं पात्र जपानमध्ये बनलेलं होतं, त्याच्या दुरुस्तीवर देखरेख करायला तिकडच्या कंपनीने त्यांना पाठवलं होतं. नागोयाकडचे, पन्नाशीचे, बारीक अंगाचे, कमी बोलणारे गृहस्थ. कंपनीच्या बसमध्ये ते नेहमी सदाभाऊंच्या शेजारी बसत, कारण बाकी सगळे गप्पा मारत आणि हे दोघे खिडकीबाहेरच्या पाइपलाइनी न्याहाळत. एका शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, सदाभाऊंनी त्यांना जेवायला आणलं. मीही होते. वरणभात, बटाट्याची भाजी, श्रीखंड. ओकुदा-सान श्रीखंडाच्या तिसऱ्या वाटीवर असताना सदाभाऊंचं लक्ष त्यांच्या बॅगेकडे गेलं. चेनला एक लाल रेशमी चिमुकली पिशवी बांधली होती, वर जरीची अक्षरं.

"ह्यात काय आहे?"

"ताईत आहे. अत्सुताच्या देवळातला. आमच्या गावाजवळ आहे ते."

"ते कळलं. आत काय आहे?"

"माहीत नाही. उघडायचं नसतं. उघडलं की त्याची शक्ती जाते असं म्हणतात."

सदाभाऊंनी चमचा खाली ठेवला. "म्हणजे आत काही नसलं तरी तुम्हाला कधीच कळणार नाही?"

ओकुदा-सान हसले. रागावले नाहीत. ते म्हणाले, आमचं सगळ्यात पवित्र जे आहे ते सगळं असंच आहे. आरसा, तलवार आणि रत्न. तलवार अत्सुताला, आरसा इसेला, रत्न तोक्योला राजवाड्यात. तिन्ही ज्या पेट्यांमध्ये आहेत त्या कोणी उघडत नाही. नवा सम्राट गादीवर येतो तेव्हा रत्नाची आणि तलवारीच्या प्रतिकृतीची अशा गुंडाळलेल्या पेट्या त्याच्यापुढे आणतात, तोही उघडत नाही. "आज जिवंत असलेल्यांपैकी कुणीच नाही पाहिलेलं, खांबेते-सान." त्यांना 'टे' म्हणता येत नसे.

तेवढ्यात नीलाताई उठल्या. त्यांना इंग्रजी बरंच कळायचं, बोलता कमी यायचं. त्यांनी ओकुदा-सानना हाताने खूण करून स्वयंपाकघरात बोलावलं आणि कपाटाचं दार सताड उघडलं. बाळकृष्ण, अन्नपूर्णा, गणपती, सकाळचं जास्वंद. "बघा," त्या मराठीतच म्हणाल्या, "आमच्याकडे बघायलाच असतात." मी भाषांतर केलं. ओकुदा-सान दारात थांबले, आत गेले नाहीत. त्यांनी दोनदा वाकून नमस्कार केला, दोन टाळ्या वाजवल्या, पुन्हा वाकले. मग मागे वळून मला हळूच विचारलं, "असं सरळ डोळ्यांत बघायचं? त्यांना चालतं?"

त्या दिवसापासून सदाभाऊंच्या डोक्यात ही जपानी देवळं शिरली. भक्ती म्हणून नव्हे, प्रकरण म्हणून. आपण कोणाला तरी पकडणार आहोत अशा आवेशात ते वाचायला लागले. शुक्रवारी दुपारी दार ठोकून सांगायला यायचे. "डॉक्टर, ती तलवार... त्यांच्याच जुन्या कथेत म्हटलंय की एका समुद्रातल्या लढाईत ती बुडाली. मग देवळात कोणती आहे? काही म्हणतात बुडाली ती नक्कल. बरं, नक्कल कोणती आणि अस्सल कोणती हे सांगणार कोण? ज्यांनी पाहिलीच नाही ते?" किंवा, "कुठल्याशा काळात काही पुजाऱ्यांनी पेटी उघडून पाहिली म्हणे, आणि ते सगळे आजारी पडून मेले. किती सोयीचं आहे बघा! साक्षीदार शिल्लकच नाही." मी म्हणायचे, "सदाभाऊ, तुमचं काय जातंय?" तर म्हणायचे, "माझं काही जात नाही. पण इतके लोक इतकी शतकं गप्प कसे बसतात?"

एकच गोष्ट त्यांना मनापासून आवडली होती. इसेचं देऊळ दर वीस वर्षांनी शेजारच्याच मोकळ्या जागेवर पुन्हा नवं बांधतात, जुन्यासारखंच, खांबाला खांब. देवाची वस्त्रं, आयुधं, सगळा सरंजामही नव्याने घडवतात. "गंजायच्या आधी बदलतात!" ते खूश होऊन म्हणाले होते. "ह्याला म्हणतात मेंटेनन्स." आणि मग लगेच डोळे बारीक करून, "फक्त आरसा तेवढा तसाच नेतात. पांढऱ्या कापडाआडून. म्हणजे बघा, सगळं देऊळ तपासतात, आणि मुख्य पार्ट तपासत नाहीत."

मग ते जोडाचं प्रकरण झालं, ज्यावरून सदाभाऊ जुबैलभर गाजले. मला त्यातलं तांत्रिक जेवढं कळलं तेवढं सांगते. दुरुस्त केलेल्या प्रत्येक जोडाचा एक्स-रे काढतात, माणसाच्या हाडाचा काढतो तसाच. ओकुदा-सानच्या देखरेखीखाली झालेल्या जोडांच्या फिल्म सदाभाऊंसमोर आल्या. सगळ्या स्वच्छ. एक तर इतकी स्वच्छ की सदाभाऊंना खटकलं. त्यांना वाटलं, ही फिल्म ह्या जोडाची नाहीच. दुसऱ्याच कुठल्या तरी चांगल्या जोडाची दोनदा काढून इथे लावली आहे. असं उद्योगात कुठे कुठे घडतं म्हणे. कारखाना सुरू करायची घाई होती. मॅनेजर फोनवर फोन करत होता, फोरमन "यल्ला, यल्ला" करत होता. सदाभाऊ म्हणाले, हा जोड माझ्यासमोर पुन्हा काढा. त्याशिवाय सही नाही.

पुन्हा काढायचं म्हणजे किरणांमुळे परिसर रिकामा करायचा, कामं थांबवायची. संपूर्ण पाळी वाया. सगळ्यांत मोठं म्हणजे ओकुदा-सानच्या शब्दावर सगळ्यांदेखत शंका घ्यायची. माझे यजमान तेव्हा त्याच युनिटला होते, त्यांनी घरी येऊन सांगितलं. ओकुदा-साननी फक्त हेल्मेट काढून हातात धरलं आणि एक्स-रे होईपर्यंत ते बाहेर उन्हात उभे राहिले. पुन्हा काढलेली फिल्म आली. स्वच्छ. पहिल्यासारखीच.

सदाभाऊंनी सही केली आणि घरी आले. त्यानंतर कारखान्यात 'खांबेटे करणं' असा शब्दच पडला. कोणी गाडीचं लॉक दुसऱ्यांदा ओढून बघितलं तर बाकीचे म्हणायचे, "काय रे, खांबेटे करतोस का?" मराठी मंडळाच्या जेवणात तोंडावर थट्टा व्हायची. सदाभाऊ हसून सोडून द्यायचे. मला ते हसणंच संशयास्पद वाटायचं. हा माणूस दह्याच्या डब्यावरून दुकानदाराशी वाद घालणारा, आणि इथे एका शब्दाने आपली बाजू मांडत नव्हता. एकदा मी छेडलंच. "चुकलात म्हणून गप्प आहात, की आणखी काही आहे?" ते म्हणाले, "डॉक्टर, तुम्ही माझ्या शेजारी फार दिवस राहिलात."

मला वाटलं होतं, ओकुदा-सानशी मैत्री तिथेच संपली. पण काही वर्षांनी सदाभाऊंना कामासाठी जपानला जायचं आलं, एका फोर्जिंगच्या कारखान्यात तपासणीला, आणि विमानतळावर न्यायला ओकुदा-सान स्वतः आले. नीलाताईही बरोबर होत्या. काम आटोपल्यावर ओकुदा-साननी दोघांना आधी अत्सुताला नेलं आणि दुसऱ्या दिवशी इसेला.

त्या इसेच्या भेटीची हकिगत मी दोघांकडून ऐकली आहे आणि दोन्ही जुळत नाहीत. एवढं जुळतं की लाकडी पूल ओलांडला, नदीवर हात धुतले, देवदारासारख्या प्रचंड झाडांमधून खडीवरून बराच वेळ चालले, कोणीही मोठ्याने बोलत नव्हतं, आणि शेवटी पायऱ्या चढून गेल्यावर देऊळ दिसलंच नाही. दिसलं ते लाकडी कुंपण, दार, आणि दारावर पांढरा रेशमी पडदा. त्यापुढे जायचं नाही. आत आणखी कुंपणं, त्यांच्याआत देऊळ, देवळाच्या आत पेटी, पेटीच्या आत म्हणे आरसा. लोक पडद्यालाच नमस्कार करून परततात. हे तिघं तिथे उभे असताना वाऱ्याची झुळूक आली आणि पडदा फुगून वर उचलला गेला. आजूबाजूच्या सगळ्यांनी माना पुढे काढल्या.

नीलाताई म्हणतात, "ह्यांनी डोळे मिटले. शपथ सांगते. सगळं जग वाकून बघतंय आणि हे डोळे मिटून, हात जोडून उभे." सदाभाऊंना विचारलं तर, "डोळ्यात धूळ गेली होती. खडी आहे ना तिथे." मी म्हटलं, "म्हणजे तुम्ही बघितलं नाहीत? संधी होती." तर त्यांनी चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, "काय दिसणार होतं? आतलं दुसरं कुंपण." आणि थोड्या वेळाने, मी विषय सोडल्यावर, स्वतःशीच... "ओकुदाने पण नाही बघितलं. तो तिथे लहानपणापासून जातोय. पडदा उडाला की खाली बघतो म्हणाला. सवय."

मी ह्या दोघांपैकी कोणावर विश्वास ठेवायचा हे कधी ठरवू शकले नाही. धुळीचं तर मुळीच पटलं नाही.

सदाभाऊंचे डोळे मला पुढे वेगळ्याच कारणाने बघावे लागले. गेल्या वर्षी हिवाळा संपता संपता एका शुक्रवारी ते आमच्याकडे गॅलरीत बसले होते. ऊन तिरपं येत होतं. बोलताबोलता त्यांनी मान वर केली आणि मला बुबुळाभोवतीचा पांढरा भाग पिवळसर दिसला. पँट कमरेवर सैल झाली होती, ते मी आधीच पाहिलं होतं आणि वय म्हणून सोडून दिलं होतं. मी त्यांना म्हटलं, उद्या रिकाम्या पोटी या. ते म्हणाले, "कशाचा संशय आहे?" मी म्हटलं, "या तर आधी." त्यांनी माझ्याकडे जे पाहिलं ते हमूरवाल्याकडे बघायचे तसंच होतं.

स्कॅनमध्ये स्वादुपिंडाच्या तोंडाशी एक गाठ दिसत होती. मी त्यांना माझ्या खोलीत बसवलं, पडद्यावर चित्र लावलं आणि बोटाने दाखवलं. चित्रं वाचायची त्यांना सवय होती, माझ्यापेक्षा जास्त. खुर्ची पुढे ओढून ते बराच वेळ बघत राहिले. बाहेर नर्स कुणाचं तरी नाव पुकारत होती.

"हे काय आहे ते नक्की सांगता येतं?"

"चित्रावरून नाही. दाट शंका येते. नक्की कळायला तुकडा काढून तपासावा लागेल."

"म्हणजे उघडायचं."

"उघडायचं असं नाही, दुर्बिणीतून..."

"तेच ते."

मला वाटलं ते आता विचारतील, मशीन कोणतं, कधी कॅलिब्रेट केलं, दुसरीकडे काढलं तर... पण ते मागे टेकले. "राहू दे."

"राहू दे? सदाभाऊ, तुम्ही म्हणताय हे?"

"डॉक्टर, जन्मभर मी लोखंड उघडलं. लोखंड परत जोडता येतं." मग त्यांनी पडद्यावरून नजर काढली. "खाज फार येते. त्याला काही करता येईल?"

त्यांना दमामच्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवून पित्तनलिकेत नळी बसवून घेतली. कावीळ उतरली, खाज थांबली. तिथल्या डॉक्टरांनीही तुकडा काढू द्या म्हणून समजावलं, मी समजावलं, दोनदा भांडलेही. एकदा मी ओरडून म्हणाले, तुम्ही घाबरलात, हे कबूल करा. ते म्हणाले, "असेल. तपासून बघितलं नाही." नीलाताईंना त्यांनी माझ्यासमोरच सांगितलं, पित्तात खडा होता, काढला. सांगताना माझ्याकडे एकदा बघितलं. पेशंटची गोष्ट पेशंटची असते, मी मान खाली घातली. नीलाताई म्हणाल्या, "बरं झालं बाई, मोकळे झालात," आणि कुकर लावायला गेल्या. माझ्या मनात आलं, कोथिंबीर ताजी म्हटली की ताजी.

पुढे सगळं भराभर झालं. नोकरी सोडली, इकामा म्हणजे इथला राहण्याचा परवाना परत केला, कायमचा देश सोडायचा फायनल एक्झिट लागला. फ्लॅट रिकामा होताना सदाभाऊंनी प्रत्येक खोका स्वतः बांधला. दमामच्या विमानतळावर आम्ही सोडायला गेलो. ते मला म्हणाले, "डॉक्टर, दारातल्या पायपुसण्याखाली किल्ली ठेवत जाऊ नका. सगळ्यांना माहीत आहे." हे त्यांचं शेवटचं प्रत्यक्ष बोलणं. नाशिकहून फोनवर बोलायचे, पण आवाज दर वेळी थोडा आत गेलेला. आणि मग तो बुधवार.

त्यानंतर काही दिवसांनी हॉस्पिटलच्या रिसेप्शनवरून फोन आला, कोणी जपानी गृहस्थ आलेत. ओकुदा-सान. निवृत्त होऊन सल्लागार म्हणून कुठल्याशा कामासाठी जुबैलला आले होते आणि त्यांना बातमी इथेच कळली. आम्ही कॅन्टीनमध्ये बसलो. त्यांनी चहा घेतला, प्यायला नाही. मग अडखळत, शब्द शोधत एक गोष्ट सांगितली.

"त्या जोडाबद्दल खांबेते-सान चुकले होते. फिल्म खरी होती. पण ते मला चुकीचे वाटेनात. त्यांनी माझ्यात संशय घातला. दुसऱ्या दिवशी, कारखाना सुरू व्हायच्या आधी, मी बाकीचे जोड पुन्हा बघायला लावले, एकेक. एकात दोष निघाला. छोटा. माझ्या माणसाने पहिल्यांदा पाहिला नव्हता... मीही नव्हता पाहिला." त्यांनी कप बशीत फिरवला. "दुरुस्त केला. त्याची नोंद केली, नियमाप्रमाणे. मग खांबेते-सानकडे गेलो आणि म्हटलं, मी सगळ्यांसमोर सांगतो, तुम्ही बरोबर होतात. तुमच्यावर लोक हसतायत. ते म्हणाले, दोष दुरुस्त झाला, नवी फिल्म पाहिली मी, चांगली आहे. मग खलास. मी म्हटलं, पण लोक... ते म्हणाले, मी तुमच्यावर ज्या जोडासाठी संशय घेतला तो जोड चांगला होता. तेवढं लोकांना माहीत आहे, ते खरं आहे. राहू दे."

'राहू दे.' हा शब्द मी माझ्या खोलीत पहिल्यांदा ऐकला असं समजत होते.

ओकुदा-साननी डोळे टिपले, उठून माझ्यापुढे वाकले आणि गेले. मी मात्र त्या दिवसापासून जास्तच अस्वस्थ झाले. जो माणूस इतकी वर्षं थट्टा सहन करून एक गोष्ट मनात ठेवू शकतो, तो त्या स्कॅनसमोर बसून नेमकं काय काय ओळखून होता? त्याला शंका होती की खात्री? भीती होती की समजूत? आणि नीलाताई... त्यांना काहीच कळलं नसेल? मी त्यांना फोन करायचं टाळू लागले. त्या कधीतरी विचारतील, मेधा, तुला माहीत होतं ना, अशी धास्ती होती. आणि त्या विचारत नव्हत्या, ह्याचाही मला संशय येऊ लागला.

गेल्या शुक्रवारी त्यांनीच व्हिडिओ कॉल केला. नाशिकच्या घरातली खिडकी, मागे पेरूचं झाड. इकडचं तिकडचं झालं. मग त्या म्हणाल्या, "तू हल्ली माझ्याशी बोलताना खाली का बघतेस?"

मी पुन्हा खाली बघितलं.

"मला माहीत होतं गं."

"काय?"

"काय म्हणजे? खडा नव्हता ते." त्या अगदी शांत होत्या. "दमामहून आले त्याच दिवशी कळलं. नवीन गोळ्या दिल्या होत्या ना? ह्यांनी पट्टीतून एक काढली, तोंडात टाकली, पाणी प्यायले. नाव वाचलं नाही. तारीख बघितली नाही. ओट्यापाशी उभी होते मी... माझ्या हातातलं भांडंच सुटलं. सबंध आयुष्यात ह्या माणसाने न वाचता गोळी घेतली नव्हती. मी म्हटलं, संपलं. ह्यांना सगळं कळलंय."

"मग तुम्ही विचारलं का नाही?"

"विचारलं असतं तर त्यांना सांगावं लागलं असतं. आणि किती कष्टाने लपवत होते... मला त्यांचा तो खडा मोडवेना."

मग मी विचारलं, "त्यांना संशय आला असेल? तुम्हाला कळलंय म्हणून?"

नीलाताई हसल्या, आणि हसतानाच त्यांचे डोळे भरले. "ह्यांना संशय यायचा राहील होय? आलाच असणार. रोज रात्री झोपताना माझ्याकडे बघायचे, आता विचारतील, आता विचारतील असं वाटायचं मला. पण नाही हं. शेवटपर्यंत उघडून नाही पाहिलं त्यांनी."

बोलताबोलता त्यांच्या रक्तदाबाच्या गोळीची वेळ झाली. पडद्याबाहेर हात नेऊन त्यांनी पट्टी काढली, चष्मा लावला, उठून खिडकीच्या उजेडात गेल्या आणि पट्टी उलटी करून त्यावरची बारीक अक्षरं ओठ हलवत वाचायला लागल्या. नाव वाचलं. तारीख वाचली. "चांगली आहे," त्या मला म्हणाल्या, आणि तरीही गोळी काढण्याआधी एकदा पट्टीची दुसरी बाजू पाहून घेतली.